दहा, चव्वेचाळीस, एकोणऐंशी

त्याला सगळे भाग्या म्हणत. नाव ऐकून वाटावं, माणूस नशीब काढून आला असेल. तसं काही नव्हतं. भाग्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, होता तो भागाकाराशी. मालगाड्यांच्या यार्डात त्याने बत्तीस वर्षं डब्यांचे नंबर टिपले, आणि कानावर पडलेला एकही नंबर सुखाने जगू दिला नाही. सहा आकडी नंबर ऐकला की याचे डोळे बारीक व्हायचे, ओठ हलायला लागायचे, आणि तो नंबर कशाने निःशेष भागला जातो ते शोधायला स्वारी निघायची. तीनने जातो का, सातने जातो का, अकराने, तेराने, सतराने. गेला तर दिवस चांगला. नाही गेला तर ताटात काय वाढलंय याचाही पत्ता नाही. बायको म्हणायची, यांना एखाद दिवशी ताटात नुसते आकडे वाढून बघितले पाहिजेत.

यातून कुणाचं काही भलं होत नव्हतं हे मान्य. डब्याच्या पोटात सिमेंट आहे की कोळसा हे नंबराच्या अवयवांवरून कळत नाही. शाळेत गणिताच्या मास्तरांनी एकदा फळ्यावर 'अवयव पाडा' असं लिहिलं होतं. बाकीची मुलं तास संपल्यावर ते विसरली, हा विसरला नाही, एवढंच. पुढे शिकायला मिळालं नाही, वडिलांच्या ओळखीने यार्डात चिकटला, आणि मग जे हाताशी होतं त्यावरच त्याने हौस भागवली. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं काहीच भागत नाही तिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. भाग्या तिला 'अख्खा' म्हणायचा. बाकीचे सगळे 'तुटके'. तुटक्यांवर त्याचा जीव होता. अख्खा भेटला की मात्र तो चिडायचा, तोंडावर कुणी दार लावून घ्यावं तसा.

या वेडाला यार्डात एकाच माणसाची साथ होती, त्याच्या मेहुण्याची. बायकोचा थोरला भाऊ. खरं तर दोस्ती आधीची, सोयरीक नंतरची. त्याचा आवाज असा, की शेजारून इंजिन धडधडत जात असलं तरी चार डबे पलीकडे ऐकू यावा, म्हणून त्याला कर्णा म्हणत. कामाची रीत साधी होती. पुढे तपासनीस हातोडीने चाकं वाजवत, ब्रेक बघत चालायचा आणि नादुरुस्त डब्यावर खडूने फुली मारायचा. मागून कर्णा फुलीच्या डब्याचा नंबर मोठ्याने सांगायचा. त्याच्या मागून भाग्या तो चिठ्ठीवर टिपायचा. चिठ्ठी ऑफिसात जायची, आणि तिच्यात जे नंबर असतील ते डबे गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर लावले जायचे. रांगेच्या टोकाला पोचलं की कर्णा विचारायचा, "तुटला का?" तुटला असेल तर भाग्या त्याचे अवयव म्हणून दाखवायचा. कर्णाला त्यातलं ओ का ठो कळत नसे, तरी तो खूश व्हायचा.

नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायचा, असा नियम होता आणि तो ऑफिसच्या भिंतीवर लावलेलाही होता. भिंतीवरचे नियम कोण वाचतं. कर्णा जोडीजोडीने सांगायचा, पटकन उरकतं म्हणून. दहा, चव्वेचाळीस, एकोणऐंशी: झाला एक लाख चार हजार चारशे एकोणऐंशी. आता आपल्या भाषेत ऐंशीच्या एक अलीकडचा एकोणऐंशी आणि एक पलीकडचा एक्क्याऐंशी ही अशी जुळी भावंडं आहेत, की शांत खोलीतसुद्धा माणूस "काय म्हणालात?" असं विचारतो. यार्डात तर शांतता औषधालाही नसते.

त्या दिवशी वारा सुटला होता आणि दोन इंजिनं एकाच वेळी हलत होती. चार डब्यांवर फुल्या पडल्या. तिसरा डबा १०४४७९. त्याच्या ब्रेकचा दांडा तडकला होता. चिठ्ठीत मात्र नंबर पडला १०४४८१. तोही डबा त्याच गाडीत होता, आठ डबे मागे, अगदी ठणठणीत. ऑफिसने चिठ्ठीप्रमाणे ठणठणीत डबा काढून ठेवला आणि तडकलेला गाडीबरोबर पाठवला. फुली एकाच अंगाला होती आणि डबे सोडवणारी माणसं दुसऱ्या अंगाने काम करत होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे उतारावर दांडा तुटून रुळावर पडला आणि मागचे अकरा डबे घसरले. शेवटच्या डब्यात गार्ड होता. तो जागच्या जागी गेला.

हा गार्ड भाग्याच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. त्याची बायको, जिला सगळी चाळ गार्डीण म्हणायची, ती आणि भाग्याची बायको एका नळावर पाणी भरायच्या, एकमेकींच्या घरात न विचारता शिरायच्या. त्या संध्याकाळी बातमी घेऊन आलेल्या माणसाने चुकून आधी भाग्याचंच दार वाजवलं होतं.

चौकशीला वरचे साहेब आले. कर्णा म्हणाला, मी एकोणऐंशीच सांगितला. साहेबांनी विचारलं, सुटे आकडे सांगितले होतेस का? कर्णा म्हणाला, नाही. मग साहेबांनी भाग्याकडे बघितलं.

"ऐकलं ते लिहिलं, साहेब," भाग्या म्हणाला.

चौकशी तिथेच संपली. दोन शब्द सारखे ऐकू येतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि नियम मोडला होता कर्णाने. त्याला कामावरून काढलं. भाग्याला साधी ताकीदही मिळाली नाही, उलट दोन वर्षांनी वरची जागा मिळाली. कर्णा बहिणीकडे आला तेव्हा ती दारातच उभी राहिली. शेजारच्या घरात अजून माणसं येऊन-जाऊन होती. "दादा, दोन आकडे सुटे करून सांगायचा तुला कंटाळा आला, आणि तिचा नवरा गेला," ती म्हणाली. "या दारात पुन्हा येऊ नकोस." बोलल्याप्रमाणे ती वागली. एकोणीस वर्षं ती भावाशी एक अक्षर बोलली नाही, आणि गार्डीणला मात्र तिने त्या एकोणीस वर्षांत एक दिवस एकटं पडू दिलं नाही.

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं, कारण भाग्याला ते चौथ्या दिवशीच कळलं होतं.

त्याला ती रांग आठवली. टोकाला पोचल्यावर कर्णाने नेहमीसारखं विचारलं होतं, तिसरा तुटला का? आणि याने मान हलवली होती, नाही रे, अख्खा दिसतोय. आता १०४४८१ मधल्या आकड्यांची बेरीज करा: अठरा. म्हणजे तो नऊने जाणार, हे दुसरीतल्या मुलालाही सांगता येईल. भाग्यासारख्याच्या हातून तो तीन पावलं टाकायच्या आत तुटला असता. ज्या अर्थी रांगभर चालूनही तिसरा नंबर तुटला नव्हता, त्या अर्थी त्याच्या डोक्यात एकोणऐंशीच होता. कर्णा बरोबर बोलला होता. याच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं. चुकला होता तो हात.

तो का चुकला तेही त्याला ठाऊक होतं. वाटेत लिहिलं की चिठ्ठीला तेलाचे डाग पडतात, म्हणून भाग्या टोकाच्या शेडखाली जाऊन सगळे नंबर एकदम लिहायचा. चार-पाच नंबर डोक्यात ठेवणं हा त्याच्या हातचा मळ. त्या दिवशी तो चालता चालता एकोणऐंशीला भागत होता. तेराला दोन कमी पडले. सतराला तीन कमी. एकोणिसाला पुन्हा दोन. आणखी दोन असते तर तेरानेही गेला असता आणि एकोणिसानेही, असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्याला लख्ख आठवत होतं. ते दोन त्याच्या हाताने शेडखाली घालून टाकले. नऊ, तेरा, एकोणीस आणि सत्तेचाळीस यांचा गुणाकार: १०४४८१. इतका सुरेख तुटणारा नंबर त्या वर्षात त्याला भेटला नव्हता.

साध्या कारकुनाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने ऐकलं ते मुकाट्याने लिहिलं असतं आणि गार्ड संध्याकाळी घरी आला असता. पण चूक एक वेळ समजून घेता येते. भाग्याचा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. चौथ्या दिवशी कर्णाला अजून काढलं नव्हतं. साहेब अजून विश्रामगृहात मुक्कामाला होते, चालत गेलं तर दहा मिनिटांवर. भाग्या चपला घालून दोनदा फाटकापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. नंतर आठवडा गेला, महिना गेला, आणि मग उशीर झाला हेच न बोलण्याचं कारण होऊन बसलं. नंबर तोडणं त्याने चालूच ठेवलं. सोडता आलं नाही.

तो निवृत्त झाला त्यालाही आता चार वर्षं झाली होती. कर्णा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामाच्या फाटकावर बसायचा. लग्न त्याने केलंच नाही. त्याचा तो आवाज पार बसला होता, असं कुणीतरी सांगितलं होतं. आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कर्णाचा घरमालक भाग्याच्या दारात येऊन उभा राहिला. फुप्फुसं गेली आहेत, तो म्हणाला, डॉक्टर दोन-तीन दिवस सांगतात. दवाखान्यात राहायला तयार नाही. सारखी बहिणीची वाट बघतो.

बायको आतून बाहेर आली, तिने ऐकून घेतलं, आणि बहीण घरी नव्हती असं त्याला सांगा, म्हणाली. घरमालक भला माणूस होता. तो मान डोलावून निघून गेला.

तेव्हा भाग्याने तोंड उघडलं. कॉटच्या कडेवर बसून त्याने बायकोला सगळं सांगितलं, आणि वाईट सांगितलं. सुरुवात केली ती आकड्यांच्या बेरजेपासून. अठरा, नऊ, तेराला दोन कमी, शेड, तेलाचे डाग. बायको हातातलं पातेलं न ठेवता ऐकत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली, तुम्ही हे आज का सांगताय ते मला कळतं. मी जावं म्हणून.

यात तिचं काही चुकलं नव्हतं. भांडण मिटावं, कुणाला बरं वाटावं म्हणून गोड खोटं बोलायची भाग्याची जुनी सवय होती. तिची आई शेवटच्या आजारात कुणाला ओळखत नव्हती, तेव्हा हा रोज भेटून यायचा आणि सांगायचा, आज तुझी आठवण काढली हं. ते खोटं होतं हे तिला आई गेल्यावर कळलं. तेव्हापासून त्याच्या चांगल्या बातम्यांवर ती हातचं राखूनच विश्वास ठेवायची.

भाग्याकडे साक्षीदार एकच होता, तो नंबर. त्याने तिला समजावलं: एकोणऐंशीचा नंबर अख्खा आहे, म्हणूनच मी अडकलो. तो कशानेही तुटत असता तर मी सांगतो ते खोटं ठरलं असतं. हे तुला स्वतःला तपासता येईल. तिने विचारलं, किती भागाकार? तो म्हणाला, तीनशे तेवीसच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, कारण त्याहून मोठ्या संख्येने गेला तर तिची जोडीदार लहान असणार आणि ती आधीच सापडली असणार. अशा सहासष्ट आहेत. दोन, तीन आणि पाचने जात नाही हे बघताक्षणीच दिसतं. राहिल्या त्रेसष्ट. पण तू आधी जाऊन ये, मग बसून भाग.

"आधी भागते," ती म्हणाली. "माझ्या हाताने. तुटला, तर तुमची गोष्ट खोटी. नाही तुटला, तर जाते. आणि तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही."

त्याने मूळ संख्यांची यादी लिहून दिली. जुन्या डायरीची कोरी पानं काढून ती टेबलाशी बसली. पाचवीपर्यंत शिकलेली बाई, लांबलचक भागाकार केल्याला चाळीस वर्षं होऊन गेलेली. सातने भागायलाच तिला अर्धा तास लागला. बाकी चार. मग पुन्हा गुणून ताळा बघितला. अकरा: बाकी एक. तेरा: बाकी अकरा. ती बाकी तिच्या हाताने लिहिली जाताना भाग्या खिडकीत उभा होता, त्याने तोंड फिरवलं. सतरा, एकोणीस, तेवीस. तिच्या बोटांना शाई लागली. मधे एकदा गार्डीण डोकावून गेली, काय चाललंय म्हणाली, आणि बायकोने सांगितलं की यांचा एक जुना हिशेब तपासतेय. एकोणतीस: बाकी एकवीस. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं.

मग एकतीस. एकशे चारात एकतीस त्रिक त्र्याण्णव, उरले अकरा. चार उतरवला. एकशे चौदात पुन्हा त्रिक, उरले एकवीस. सात उतरवला. दोनशे सतरा. एकतीस सत्ते दोनशे सतरा. तिने वजाबाकी केली आणि खाली शून्य लिहिलं. त्या शून्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने त्याखाली दोन रेघा मारल्या.

"गेला," ती म्हणाली. "बाकी शून्य."

भाग्या तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याला लांबूनच दिसलं. नंबरातला शेवटचा नऊ खाली उतरवायचा राहिला होता. वर एकटा तसाच लटकत होता. नऊ उतरवला की बाकी नऊ राहणार होती, शून्य नव्हे, आणि पुढे पंचावन्न भागाकार उरणार होते. त्याने तोंड उघडलंसुद्धा. मधे बोलायचं नाही असं तिने बजावलं होतं, हे त्याला नेमकं त्या क्षणी आठवलं, आणि बुडणाऱ्याने दोर धरावा तसं त्याने ते धरलं.

त्याने कल्पना केली होती की ती चिडेल. ती चिडली नाही. तिने डायरी मिटली, हात धुतले, आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तुम्ही माझ्यासाठी एवढं मोठं पाप स्वतःवर घ्यायला निघालात, ती म्हणाली. असं नका करू. मी भावाशी वागले त्याचं माझं मी बघेन. मग तिला थोडं रडू आलं, आणि रडता रडता ती म्हणाली की तो मरायला टेकलाय म्हणून काही त्याची चूक बरोबर होत नाही. तिने भाग्याचा हात धरून ठेवला होता. तिने असा हात कधी धरला होता ते त्याला आठवेना. जेवताना ती जुन्या गोष्टी बोलली, लग्नाच्या वेळच्या, आणि एकदा हसलीही. त्याने दोनदा ठरवलं, ताटं उचलल्यावर बोलू, अंथरूण घातल्यावर बोलू. रात्री त्याला झोप लागली. हे सांगायला लाज वाटते, पण लागली, आणि चांगली गाढ लागली.

सकाळी उठल्यावर पहिली त्याच्या नजरेस पडली ती डायरी. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने ती उघडून तिच्यासमोर ठेवली. "नऊ उतरवायचा राहिलाय," तो म्हणाला.

ती उभ्या उभ्या वाकून बघत राहिली. मग पेन घेऊन तिने नऊ खाली उतरवला. नवात एकतीस जात नाहीत. वर शून्य दिलं. खाली लिहिलं, बाकी नऊ. पुढच्या संख्येला तिने हात लावला नाही. उरलेल्या पंचावन्न भागाकारांची तिला आता गरज उरली नव्हती: सुटलेला माणूस आपण होऊन परत पिंजऱ्यात शिरतो, तो खोटं बोलत नसतो. तिने चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि शेजारच्या दारात 'दादाकडे जाऊन येते' एवढंच सांगून निघाली.

दोन बस बदलून जावं लागलं. शेवटच्या थांब्यापासून गोदामांच्या भिंतीमधून एक लांब रस्ता जात होता, आणि ती त्याच्या पुढे दहा पावलं चालत होती. कर्णाची खोली गल्लीच्या तोंडालाच होती. घरमालक बाहेर स्टुलावर बसला होता. त्यांना बघून तो उठला, आणि उठण्याच्या त्या रीतीवरूनच दोघांना कळलं.

पहाटे, तो म्हणाला. पाचच्या आसपास. रात्रभर दार उघडं ठेवायला लावलं होतं. गार वारा येतोय म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, दार लावलेलं दिसलं तर ती परत जाईल, ती कडी वाजवणार नाही.

खोलीत एक कॉट होती, एक खुर्ची आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला गोदामाचा खाकी कोट. अंगावर मानेपर्यंत चादर ओढलेली होती. बायको खुर्चीवर बसली. ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली, किती वेळ ते भाग्याला सांगता येणार नाही. तो दाराशी उभा होता. मग तिने मान न वळवता विचारलं,

"तो नऊ तुम्हाला कधी दिसला?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. तिला खरंखोटं करायला काही साधन नव्हतं.

"काल," भाग्या म्हणाला. "तू रेघा मारल्यास तेव्हाच."

"एकोणीस वर्षांचं मी काहीतरी केलं असतं," ती म्हणाली. "भ्यालात. नोकरी होती, साहेब होते, लोक होते. कसंही करून मी समजून घेतलं असतं. पण काल कोण होतं? काल घरात मी एकटी होते. माझी भीती वाटली तुम्हाला?"

"भीती नाही," तो म्हणाला. "तू चांगलं बोलत होतीस. मला बरं वाटत होतं."

चादरीची एक कड जमिनीला लागत होती ती उचलून तिने नीट आत खोचली. मग म्हणाली, इथलं मी करते, तुम्ही घरी जा. मी येईन तेव्हा गार्डीणला सगळं माहीत असलं पाहिजे. मी सांगणार नाही. आणि मी घरी येईन ती तिच्या घरी, हेही तिला सांगा, म्हणजे ती अंथरूण काढून ठेवेल.

भाग्या परत फिरला. पुन्हा तो लांब रस्ता, पुन्हा दोन बस. दुसऱ्या बसच्या तिकिटावर सहा आकडी नंबर होता. त्याने तिकीट न बघता खिशात घातलं, पण कंडक्टरच्या हातातून घेताना शेवटचे दोन आकडे दिसलेच, आणि डोकं आपोआप कामाला लागलं. त्याने ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबलं नाही. चाळीत दुपारची सामसूम होती. गार्डीणने दार उघडलं, तिच्या हाताला पीठ लागलं होतं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, आत या ना भावोजी, भेट झाली का बहीण-भावाची?

या वेळी त्याने आकड्यांच्या बेरजेपासून सुरुवात केली नाही.

"वहिनी," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "गार्डसाहेब माझ्या हाताने गेले. कर्णा बरोबर बोलला होता."